अकरा वर्षांच्या मुलाची उंची वाढत नाही. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने सुरू करावीत का?

पत्र

माझा मुलगा अकरा वर्षांचा असून सहावीत शिकतो. त्याची उंची १२१ सेंटिमीटर आणि वजन २१ किलो आहे. वर्गात तो सर्वांत लहान दिसतो, मुले त्याला 'टिंगू' म्हणून हाक मारतात आणि हल्ली तो शाळेत जायला कुरकुर करतो. माझी उंची १५२ आणि यजमानांची १६७ सेंटिमीटर आहे. प्रगतिपुस्तकात त्याची उंची दुसरीत १०८, तिसरीत ११२, चौथीत ११७ आणि पाचवीत ११८.५ अशी लिहिली आहे. सासूबाई म्हणतात, "बापाशीर गेलो हा, उशिरा वाढतलो", कारण यजमानही दहावीनंतरच उंच झाले. मुंबईच्या जाऊबाईंनी रक्तातील ग्रोथ हार्मोनची तपासणी करून घेतली, ती ०.२ आली आणि 'कमी' असा शेरा आहे. त्यांच्या मते इंजेक्शने ताबडतोब सुरू करावीत. शेजारी मात्र म्हणतात की हे औषध मेलेल्या माणसांच्या मेंदूतून काढतात. खर्चासाठी यजमान पुढील दोन वर्षांची आंब्याची बाग कराराने देऊन आगाऊ रक्कम उचलण्याचा विचार करीत आहेत. संध्याकाळी मुलाचे डोके अधूनमधून दुखते आणि फळ्यावरचे तो चुकीचे उतरवून आणतो. धाकटी मुलगी आठ वर्षांची आहे, तीही लहानखुरी आहे, पण मुलींचे चालून जाते म्हणून तिचा विचार केलेला नाही. आम्ही काय करावे?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जी गोष्ट तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिली आहे, तिच्यापासून मी सुरुवात करतो. ज्या मुलाची वाढ मंदावली आहे त्याचे डोके दुखत असेल आणि त्याला फळ्यावरचे नीट दिसत नसेल, तर त्याचे डोळे याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक मुलांमध्ये अशा तक्रारीमागे चष्म्याचा नंबर निघतो आणि तुमच्या मुलाचेही तसेच असण्याची शक्यता अधिक आहे. परंतु वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, तयार करणारी पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या अगदी खाली असते. त्या भागात क्रॅनिओफॅरिंजिओमासारखी गाठ झाली, तर ती एकीकडे संप्रेरके अडवते आणि दुसरीकडे दृष्टी कमी करते. म्हणून नेत्रतज्ज्ञांना केवळ नंबर तपासायला सांगू नका. मुलाची वाढ खुंटली आहे हे त्यांना स्पष्ट सांगा आणि डोळ्याचा पडदा, दृष्टीची नस व बाजूचे दिसण्याचा आवाका पाहण्याची विनंती करा. तो रात्री पुन्हा पुन्हा पाणी प्यायला आणि लघवीला उठतो का, सकाळी उठल्यावर डोकेदुखीबरोबर उलटी होते का, याकडेही लक्ष ठेवा. यांपैकी काहीही आढळले तर पुढील सर्व क्रम बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जावे लागेल.

आता उंचीकडे वळू. मुलगा आज किती उंच आहे, यापेक्षा तो वर्षाला किती वाढतो हे डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक बोलके असते. बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२, त्यानंतर हा वेग उतरत जातो आणि चार वर्षांच्या पुढे वयात येईपर्यंत साधारण ५ ते ६ सेंटिमीटरवर स्थिर राहतो. या काळात वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर कारण शोधलेच पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत दुसरीपासून आजपर्यंतच्या चार वर्षांत १३ सेंटिमीटर वाढ दिसते, म्हणजे वर्षाला सव्वातीन. मधल्या एका वर्षी ५ आणि पुढच्या वर्षी दीड ही उडी मात्र खरी नसावी. शाळेत कधी चपला घालून, कधी दुपारी, कधी नुसत्या अंदाजाने नोंद होते आणि तिच्यातून असा गोंधळ निघतो. तरीही चार वर्षांचा एकत्रित कल मोजमापाच्या चुकीने पुसला जात नाही. भारतीय बालरोग संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सुधारलेल्या वाढीच्या आलेखावर तुमचा मुलगा सातव्या वर्षी सर्वांत खालच्या, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेच्या (त्या वयाच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तीनच जिच्याखाली असतात) आसपास होता. आज तो त्या रेषेच्या बराच खाली गेला आहे. जे मूल बुटके असूनही आपली रेषा धरून वाढत असते, त्याच्याविषयी मी निश्चिंत राहायला सांगतो. रेषा सोडून खाली येणाऱ्या मुलाविषयी तसे सांगता येत नाही.

आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित उंची काढण्याची सोपी रीत आहे. दोघांच्या उंचीची बेरीज करावी, मुलगा असेल तर तीत १३ मिळवावे, मुलगी असेल तर १३ वजा करावे आणि निम्मे करावे. तुमच्या मुलासाठी ही संख्या १६६ येते, म्हणजे मोठेपणी तो साधारण १५८ ते १७४ च्या दरम्यान असावा. आजची त्याची वाटचाल या पट्ट्याकडे जाणारी दिसत नाही, त्यामुळे 'आमच्या घरात सगळे बेताचेच' हे उत्तर येथे पुरत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मी हलके मानणार नाही. उशिरा वयात येण्याचा गुण घराण्यातून उतरतो, वडील दहावीनंतर वाढले ही माहिती कोणत्याही डॉक्टरांना मोलाची वाटेल आणि बुटक्या मुलग्यांमध्ये हे कारण अतिशय वारंवार सापडते. अशा मुलाची हाडे त्याच्या वयापेक्षा दोनेक वर्षे मागे असतात, वयात येण्याआधी त्याचा वाढीचा वेग थोडा आणखी मंदावतो आणि नंतर तो आपोआप भरून निघतो. त्याला कोणतेही इंजेक्शन लागत नाही. मात्र ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या किंवा थायरॉइड मंदावलेल्या मुलाचीही हाडे अशीच मागे राहतात. म्हणून आजीचे निदान खरे असू शकते, पण ते तपासून खरे ठरवावे लागेल, वाट पाहून नव्हे. वाट पाहण्यातला धोका असा की हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या वयात आल्यानंतर हळूहळू मिटतात आणि एकदा त्या मिटल्या की जगातील कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही. वडिलांसारखा दहावीनंतर वाढेल म्हणून थांबलात आणि कारण दुसरेच निघाले, तर उपचाराची वर्षे हातची गेलेली असतील.

जाऊबाईंनी काढून घेतलेल्या त्या ०.२ च्या अहवालावर कोणताही निर्णय घेऊ नका. ग्रोथ हार्मोन रक्तात दिवसभर एकसारखे नसते, ते थोड्या थोड्या वेळाने उसळून येते, त्यातही सर्वाधिक रात्रीच्या गाढ झोपेत, आणि मधल्या काळात निरोगी मुलाच्या रक्तातही जवळजवळ शून्यावर असते. ओहोटीच्या वेळी एकदाच खाडीवर जाऊन 'येथे पाणी येतच नाही' असे म्हणण्यासारखा तो अहवाल आहे. प्रयोगशाळेने 'कमी' लिहिले यात तिची लबाडी नाही, पण ती तपासणी या प्रश्नासाठी नव्हतीच.

मग कोणती तपासणी करायची? पहिला टप्पा देवगड, कणकवली किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही होऊ शकतो आणि तो तेथेच करून घ्यावा असे माझे मत आहे. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटून डाव्या हाताचा पंजा व मनगट यांचा एक्स-रे काढून घ्या, त्यावरून हाडांचे वय कळते. रक्तात हिमोग्लोबिन, ईएसआर (शरीरात कोठे दाह आहे का हे सुचवणारी चाचणी), मूत्रपिंड व यकृत यांची चाचणी, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड, तसेच लघवीची साधी तपासणी करावी. थायरॉइडसाठी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) याच्याबरोबर टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) ही मागून घ्या, कारण पिट्युटरीच मंद असेल तर टीएसएच सामान्य दिसूनही टी-४ कमी असू शकते. थायरॉइडची कमतरता हे वाढ खुंटण्याचे असे कारण आहे की त्यावर रोजची एक स्वस्त गोळी पुरते, आणि ते तपासायचे राहून मुलाला महागडी इंजेक्शने सुरू व्हावीत याहून वाईट काही नाही. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिॲक आजाराची रक्ततपासणीही करावी. आपल्याकडे मुख्य जेवण भाताचे असले तरी शाळेच्या डब्यात चपाती असतेच, म्हणून ती वगळू नये आणि तपासणी होईपर्यंत मुलाची चपाती बंदही करू नये, कारण गहू बंद असताना ती तपासणी फसवते.

पुरेसे खाणे नसल्यामुळे वाढ खुंटते हेही खरे आहे, परंतु अशा मुलात उंचीआधी वजन मागे पडते. तुमच्या मुलाचे वजन त्याच्या उंचीला बऱ्यापैकी साजेसे आहे. त्यामुळे ताटात आणखी एक बांगडा वाढवल्याने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, जरी मासे, अंडी, डाळ आणि दूध त्याला मिळत राहिलेच पाहिजे. उंची वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी व चूर्णे घरात आणू नका. लोंबकळण्याने, दोरीच्या उड्यांनी किंवा पोहण्याने शरीर काटक होते, त्यासाठी ती अवश्य करावीत, पण अनुवंशाने किंवा संप्रेरकाने ठरलेली उंची त्यांनी बदलत नाही. घटक न लिहिलेल्या पुड्यांची मला विशेष भीती वाटते, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असेल तर मूल दोन महिने गुबगुबीत दिसते आणि त्याची वाढ मात्र आणखी थांबते.

घरी मोजमाप सुरू करा. चिऱ्याची न गिलावलेली भिंत आणि सारवलेली जमीन त्यासाठी चालणार नाही. गिलावा केलेली सरळ भिंत आणि खाली लादी किंवा सपाट फळी घ्या. मुलाला अनवाणी उभे करा, टाचा, नितंब व पाठ भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवायला सांगा आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून खूण करा. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधील गाद्या दबल्याने संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते, म्हणून नेहमी सकाळीच मोजा. तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर रविवारी मोजत राहिल्याने उंची वाढणार नाही, मुलाची धास्ती तेवढी वाढेल.

पहिल्या टप्प्यात कारण सापडले नाही तर पुढची पायरी बाल-अंतःस्रावतज्ज्ञांची, म्हणजे मुलांच्या संप्रेरकांचा विशेष अभ्यास केलेल्या डॉक्टरांची आहे. मुंबईत परळला केईएम आणि मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय जवळजवळ आहेत. कणकवलीहून रेल्वेने दादरला उतरलात तर तेथून ते अंतर थोडे आहे. तेथे रक्तातील आयजीएफ-१ हा घटक पाहतील, जो ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाखाली मुख्यतः यकृतात तयार होतो आणि दिवसभर बराच स्थिर असतो. त्यानंतर गरज वाटल्यास उत्तेजन चाचणी करतील. तिच्यात रात्रभर उपाशी ठेवून सकाळी क्लोनिडिनची गोळी किंवा ग्लुकागॉनचे इंजेक्शन देतात आणि हाताला एकच सुई बसवून दोन-तीन तासांत अनेकदा रक्त घेतात. ग्रोथ हार्मोनची सर्वांत उंच पातळी किती गेली हे त्यातून कळते. दोन वेगवेगळ्या चाचण्यांत ती मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या खाली राहिली तर कमतरता मानण्याची जुनी रीत आहे, काही केंद्रे आता ७ ची मर्यादा धरतात. क्लोनिडिनने मुलाला गुंगी येते आणि रक्तदाब उतरतो, म्हणून त्याच रात्री गाडी पकडून परत येण्याचा बेत करू नका, एक मुक्काम ठेवा. तुमच्या मुलाच्या बाबतीत एक प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा. अकरा वर्षांचा, अद्याप वयात न आलेला मुलगा उशिरा वाढणारा असेल तर त्याची पिट्युटरी या चाचणीत खोटीच नापास होऊ शकते. म्हणून चाचणीपूर्वी थोड्या काळासाठी लैंगिक संप्रेरकाची लहान मात्रा देऊन ग्रंथी जागी करावी का, हे त्यांनी ठरवायचे आहे. कमतरता सिद्ध झाली तर पिट्युटरीचे एमआरआय होते.

तेथे डॉक्टर मुलाच्या जननेंद्रियांची तपासणी करतील, कारण मुलगा वयात येऊ लागला की नाही हे अंडकोषांच्या आकारावरून समजते. मुंबईला निघण्यापूर्वी हे त्याला वडिलांनी शांतपणे सांगावे. अकरा वर्षांच्या मुलाला अचानक कपडे उतरवायला सांगितले की तो पुढच्या वेळी येण्यास नकार देतो.

आता पैशाचा प्रश्न. बागेच्या करारावर आज सही करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. निदान झालेले नाही, उपचार लागणार की नाही हे ठाऊक नाही आणि लागलाच तर त्याचा खर्च मुलाच्या वजनावर ठरतो, हे आधी समजून घ्या. किलोमागे रोज २५ ते ३५ मायक्रोग्रॅम ही कमतरतेसाठी आरंभीची सर्वसाधारण मात्रा आहे, म्हणजे २१ किलोच्या मुलाला रोज अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम. मुलगा वाढून ४२ किलोचा झाला की औषध आणि खर्च दोन्ही साधारण दुप्पट होतात. हा उपचार काही महिन्यांचा नसून वर्षांचा आहे, आणि वर्षाचा हिशेब लाखांत जातो. दोन वर्षांच्या आगाऊ रकमेवर सुरू करून तिसऱ्या वर्षी थांबवला, तर बागेचे उत्पन्नही गेले आणि उंचीही अर्धवट राहिली, असे होईल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ग्रोथ हार्मोनची सिद्ध झालेली कमतरता, तसेच टर्नर, नूनन आणि प्रॅडर-विली या वाढ खुंटवणाऱ्या जन्मजात विकारांसाठीचा ग्रोथ हार्मोन उपचार समाविष्ट आहे. धोरणाखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम हे त्यांपैकी एक केंद्र आहे. मंजुरीला वेळ लागतो, कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात, परंतु तेथील वैद्यकीय समाजसेवकांना भेटल्याशिवाय बागेला हात लावू नये. या साहाय्यातील 'सिद्ध' हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून चाचण्यांचे मूळ अहवाल जपून ठेवा.

समजा, सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या आणि मुलगा नुसताच बुटका आहे असे ठरले, तर? अशा मुलांनाही ग्रोथ हार्मोन देण्यास अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही काही ठिकाणी ते सुचवले जाते. अनेक वर्षे रोज इंजेक्शन घेतल्यानंतर अशा मुलांच्या अंतिम उंचीत सरासरी ४ ते ७ सेंटिमीटरची भर पडते, काहींमध्ये जवळजवळ काहीच पडत नाही. निरोगी मुलाच्या या थोड्या सेंटिमीटरांसाठी कुटुंबाने कर्जात शिरावे, असे मी कोणालाही सांगणार नाही. कमतरता खरोखर असलेल्या मुलाची गोष्ट निराळी आहे. तो उपचाराच्या पहिल्याच वर्षी ८ ते १० सेंटिमीटर वाढतो, पुढे वेग कमी होत जातो, पण वेळेवर सुरुवात झाली तर तो बहुधा आई-वडिलांवरून अपेक्षित असलेल्या पट्ट्यात पोहोचतो. अशा वेळी मी तुम्हाला सांगेन की मागेपुढे पाहू नका.

शेजाऱ्यांनी सांगितले ते पूर्वी खरे होते. १९५८ च्या सुमारास या उपचाराची सुरुवात झाली तेव्हा हे संप्रेरक मृत व्यक्तींच्या पिट्युटरी ग्रंथींतूनच काढत असत. त्यातून काही मुलांना पुढे क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य आजार झाल्याचे उघडकीस आले आणि १९८५ मध्ये ते औषध अमेरिका व ब्रिटनमध्ये थांबवण्यात आले. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने बनवलेले ग्रोथ हार्मोन मान्य झाले. आज तेच दिले जाते आणि त्यात मानवी मेंदूचा अंशही नसतो.

उपचार सुरू झालाच तर रोज रात्री झोपण्यापूर्वी मांडी, पोट किंवा नितंबाच्या त्वचेखाली पेनसारख्या साधनाने बारीक सुई टोचायची असते, आणि जागा रोज बदलायची असते. हे घरी शिकता येते. आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण थंडाव्याची आहे. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि गोठले तर ते फेकूनच द्यावे लागते, म्हणून फ्रीझरजवळ कधीही ठेवू नका. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळानंतर सिंधुदुर्गातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे तुम्ही अनुभवले असेल. मातीच्या ओल्या मडक्यात औषध ठेवण्याचा सल्ला कोरड्या हवेच्या प्रदेशात थोडाफार उपयोगी पडतो, परंतु पावसाळ्यातील आपल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, तेव्हा मडके थंडही होत नाही. त्याऐवजी मासळीसाठी वापरतात तशी स्वच्छ, घट्ट झाकणाची शीतपेटी आधीच घेऊन ठेवा. बंदरावर बर्फ मिळतोच, पण औषध बर्फाला टेकू नये म्हणून ते कोरड्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवा आणि शेजारी एक साधा तापमापक असू द्या. गणपतीत घर पाहुण्यांनी भरले किंवा शिमग्याला गावी गेलात म्हणून इंजेक्शने चुकवू नका. रोजच्या नियमितपणावरच या औषधाचा गुण अवलंबून आहे. आठवड्यातून एकदा घेण्याच्या प्रकाराला अमेरिकेत मुलांसाठी २०२१ मध्ये प्रथम मान्यता मिळाली, त्याविषयी तज्ज्ञांना विचारता येईल.

दुष्परिणाम विरळ आहेत, पण ओळखता आले पाहिजेत. सतत डोकेदुखी, उलटी किंवा अंधूक दिसणे म्हणजे कवटीतील दाब वाढल्याची शंका. मुलगा लंगडू लागला किंवा त्याची जांघ वा गुडघा दुखू लागला तर खुब्याच्या हाडाची टोपी सरकल्याची शक्यता असते, आणि 'वाढीचे दुखणे' म्हणून तेल चोळत न बसता त्याच दिवशी एक्स-रे काढावा. पाठीचा कणा वाकडा होतो आहे का, रक्तातील साखर आणि थायरॉइड ठीक आहे का, हे दर काही महिन्यांच्या भेटीत पाहिले जाते. वाढ वर्षाला २ सेंटिमीटरवर आली किंवा हाडांचे वय मुलग्यात सोळाच्या आसपास पोहोचले की उंचीसाठी दिलेला उपचार थांबतो.

मुलाशी बोलताना त्याला 'तुझ्यात कमी आहे' असे वाटू देऊ नका. तुझी वाढ का मंदावली हे आपण शोधत आहोत, एवढे आणि खरे तेवढेच सांगा. घरात त्याला अकरा वर्षांच्या मुलाची कामे आणि मुभा द्या. उंचीवरून आठ वर्षांचा समजून वागवलेले मूल आठ वर्षांसारखेच वागू लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे. वर्गशिक्षकांना भेटून 'टिंगू' ही हाक बंद करण्याची जबाबदारी त्यांची आहे, असे स्पष्ट सांगा. शाळेच्या तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या डॉक्टरांनाही त्याचे आकडे दाखवा, ते जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देऊ शकतात.

आणि तुमच्या लेकीविषयी. मुलींचे चालून जाते, हे वाक्य माझ्या समोर इतक्या घरांतून येते की त्याचा मला राग येऊ लागला आहे. लग्नाच्या बाजारात मुलगी थोडी बुटकी चालते म्हणून तिच्या शरीरातील विकार तपासायचा राहतो, हा तिच्यावर अन्याय आहे. सुमारे अडीच हजार मुलींमागे एकीमध्ये टर्नर हा गुणसूत्रांचा विकार असतो. अशा मुलींपैकी काहींमध्ये बुटकेपणाखेरीज बाहेरून काहीही दिसत नाही, पण हृदयात, मूत्रपिंडात किंवा कानात दोष असू शकतो आणि पुढे पाळी आपोआप येत नाही. कारण न सापडलेल्या प्रत्येक बुटक्या मुलीची गुणसूत्रांची तपासणी करावी, हा नियम त्यासाठीच आहे. तसे निघाल्यास तिला ग्रोथ हार्मोन लहान वयात सुरू केल्याचा चांगला फायदा होतो, आणि वर सांगितलेल्या धोरणात टर्नरचाही समावेश आहे. तुमच्या दोघांच्या उंचीवरून तिची अपेक्षित उंची १५३ येते. तिची आजची उंची व प्रगतिपुस्तकातील मागील नोंदी तुम्ही पाठवलेल्या नाहीत, त्या काढा आणि मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्याल त्याच दिवशी तिलाही सोबत न्या.